ज्ञानकोशात सत्य ठरवण्याची पद्धत

आपणांस एखाद्या विषयातले काही कळत असेल, तर विकिपीडियासारख्या, कोणालाही संपादन करता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशात लिहिण्याच्या फंदात पडू नये. काहीच कळत नसेल, तर विलंब न लावता सदस्य खाते उघडावे.

प्रथम स्वल्पविराम दुरुस्त करत संपादनांची संख्या वाढवावी. पदवी नसल्यास ती सदस्य पानावर लिहून टाकावी. स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवणारा इंग्रजी विकिपीडियाचा एक वजनदार सदस्य २००७ मध्ये २४ वर्षांचा बिनपदवीचा तरुण निघाला, तोवर त्याचे उत्तम चालले होते.

खोटे लिहायचेच असेल, तर तपशीलवार लिहावे. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात डिचोलीला झालेल्या संघर्षावरील लेख त्याच विकिपीडियावर २००७ मध्ये आला, ‘चांगला लेख’ म्हणून गौरवला गेला आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत नांदला. तो संघर्ष झालाच नव्हता. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, ही किरकोळ अडचण गौरव करणाऱ्यांच्या आड आली नाही.

स्त्री शास्त्रज्ञांवर लिहिण्याची घाई करू नये. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा उल्लेखनीयतेअभावी नाकारण्यात आला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच शोधातील सहकारी जेरार मुरू यांच्यावर मात्र लेख आधीपासून होता.

संदर्भांच्या बाबतीत मात्र विशेष दक्षता घ्यावी, कारण मूळ कागद दाखवण्यासारखा दुसरा अपराध नाही. एका ज्ञानकोशात एका संस्थेच्या स्थापनेचे साल चुकलेले पाहून मी नुकताच तिच्या पहिल्या वार्षिक अहवालाचा संदर्भ देऊन ते दुरुस्त केले, आणि माझा बदल तत्काळ उलटवण्यात आला. अहवाल हा प्राथमिक स्रोत असल्याने दुय्यम, आणि चुकीच्या सालाला आधार म्हणून दिलेला वृत्तपत्रातील लेख हा दुय्यम स्रोत असल्याने श्रेष्ठ, असे मला समजावण्यात आले. तो वृत्तपत्रीय लेख काढून पाहिला, तर त्यातली वाक्ये या ज्ञानकोशातूनच, चुकीच्या विरामचिन्हांसह, उचललेली! म्हणजे चूक आधी येथे जन्मली, तेथे छापली गेली आणि स्वतःचाच पुरावा होऊन परत आली. हे चर्चा पानावर तारखांसह मांडले, तेव्हा ‘स्वतःचे संशोधन येथे चालत नाही’ असे उत्तर मिळाले. दोन तारखांमधील आधीची कोणती हे ओळखणे म्हणजे संशोधन? पुढे चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा बदल उलटवू नये हा नियमही मलाच ऐकवण्यात आला. समोरच्या सदस्याचे स्नेही पाळीपाळीने उलटवत असल्याने त्याला तो लागू होत नव्हता.

प्रचालकांकडे, म्हणजे पाने कुलूपबंद करण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांकडे, दाद मागावी. ते वाद मिटवतात, म्हणजे चुकीच्या आवृत्तीवरच पान कुलूपबंद करतात.

याला तटस्थता म्हणत नाहीत. ज्याच्यापाशी रिकामा वेळ अधिक त्याचे म्हणणे शेवटी पानावर उरते, आणि आपण निर्लज्जपणे त्याला सहमती म्हणता. ज्या विषयाचे एक पुस्तक उघडले नाही, त्यावर पहारा देत बसण्यात कसली आली आहे सेवा? वाचकांनीही हसू नये. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास’ नावाची कळ असते. कोणी, केव्हा, काय बदलले हे तेथे सारे दिसते. ती एकदाही न दाबता मजकूर पुढे धाडणाऱ्याने पक्षपाताविरुद्ध गळा काढू नये, आणि बातमीत तो जसाच्या तसा उतरवणाऱ्याने स्वतःला पत्रकार म्हणवू नये.