खुलासा : मेंदूत दहापट ग्लिया पेशी नाहीत

‘मेंदूत 100 अब्ज चेतापेशी आणि त्यांच्या दहापट ग्लिया पेशी असतात’ हा संदेश पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (चेतापेशी म्हणजे न्यूरॉन; ग्लिया म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या पेशी.)

2009 साली ब्राझीलमध्ये सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांच्या गटाने चार मानवी मेंदू मोजले : सरासरी 86 अब्ज चेतापेशी, ग्लियासह इतर सर्व पेशी मिळून सुमारे 85 अब्ज. त्यांची पद्धत अशी : आधी फॉर्मल्डिहाइडमध्ये पक्की केलेली मेंदूची ऊती डिटर्जंटमध्ये घोटायची. पेशी फुटतात, केंद्रकं शाबूत राहतात (ताज्या ऊतीत तीही फुटतात). मग ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. चेतापेशींची केंद्रकं प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने) वेगळी ओळखता येतात.

याउलट, मेंदूच्या काही कापांतल्या पेशी मोजून पूर्ण मेंदूसाठी केलेला गुणाकार सहज फसतो, कारण पेशींची दाटी फार असमान असते. एकट्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात) 69 अब्ज चेतापेशी आहेत.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच गटात ही दुरुस्ती टाका.