म्हाताऱ्यांसाठी घर कोणी बांधतं का?

नागपुरात बेसा असो, मनीषनगर असो, वर्धा रोड असो, नवा फ्लॅट पाहायला जा, सगळ्यात आधी आरशासारख्या चकचकीत टाइल्स दाखवतात! अहो, मे महिन्यात कूलरचं पाणी त्यावर सांडलं की तरणाताठा माणूस आडवा होतो. सत्तरीच्या आईने काय करायचं? भिंत धरून चालायचं? पण भिंतीला धरायला आहे काय?

बाथरूमचं दार सव्वादोन फूट. वॉकर तिरका करून घुसवा, व्हीलचेअर बाहेरच ठेवा. कमोडजवळ एक स्टीलचा दांडा लावा म्हटलं, तर बिल्डरचा माणूस म्हणतो, "दवाखान्यासारखं दिसते ना भाऊ!" दिसू द्या ना बाप्पा! खुब्याचं हाड मोडल्यावर दवाखानाच पाहावा लागतो. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या निवासांसाठी, म्हणजे रिटायरमेंट होम्ससाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दांडे आहेत, न घसरणाऱ्या फरश्या आहेत. मग साध्या फ्लॅटमध्ये म्हातारे राहतच नाहीत का?

आणि ते फॉल्स सीलिंगमधले मिणमिणते पिवळे दिवे! साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. बाल्कनीचा दीड इंची उंबरठा रात्री दिसणार कसा? सोफा इतका बुटका आणि खोल, की बाबांना उठवायला दोन माणसं लागतात. मॉड्युलर किचनवर लाखो रुपये ओतता, आणि चार स्क्रू पिळून एक दांडा लावायला जिवावर येतं?