बिंदू म्हणा, बिंदू!

अनुवादाचं काम हाती घेतलंत ना? मग आधी एक नियम पाठ करा. इंग्रजी 'पॉइंट' दिसला की मराठी 'बिंदू' टाकायचा आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. संदर्भ बघत बसलात तर दिवसाला दहा पानं हातावेगळी व्हायची नाहीत. उत्कलनबिंदू, गोठणबिंदू, दवबिंदू हे शाळेच्या पुस्तकात आहेतच. तिथे चाललं ते सगळीकडे का चालू नये?

सुरुवात घरापासून करा. ज्याला भाग नसतात तो बिंदू, असं युक्लिड सांगून गेला. पण तो वायरमनला कधी भेटला नव्हता. वायरमन पॉइंट मोजून पैसे घेतो: पंख्याचा एक, ट्यूबचा एक आणि त्याच बोर्डावर सॉकेट काढलं तर पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्धा. जिन्यातला दिवा खालून-वरून दोन्हीकडून लावायचा तर दोन टू-वे स्विच लागतात, मधली वायरही जास्त जाते, म्हणून त्याचा दर निराळा. करारनाम्यात हे काही लिहू नका. 'एकूण बिंदू' एवढंच लिहा. म्हणजे गिझरचा पॉवर पॉइंट आणि मोबाइल चार्जरचा साधा पॉइंट यांच्यात भेदभाव उरणार नाही. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची जाड पिन ६ अँपिअरच्या सॉकेटात शिरत नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात कन्व्हर्टर प्लग मिळतोच की. सॉकेट आधी पिवळं पडेल, मग तपकिरी होईल, मग जळका वास येईल. भिंतीतून ४ चौरस मिलिमीटरची वायर आणायला हवी होती हे तेव्हा कळेल. भाषा मात्र शुद्ध राहिलेली असेल.

पैशाच्या बातम्यांत तर हा नियम फारच शोभतो. रेपो दर २५ बेसिस पॉइंटनी उतरला की मथळा द्या: 'व्याजदरात २५ बिंदूंची घट'. बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे घट पाव टक्क्याची. पण हाच मथळा दूध घालायला आलेला शेतकरी वाचेल तेव्हा मजा आहे. गाईच्या दुधाचा भाव ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) धरून निघतो. मशीनवर फॅट ३.२ आली की तीन पॉइंट गेले, आणि कपात पॉइंटमागे. म्हणजे डेअरीतला पॉइंट टक्क्याचा दहावा भाग! त्या हिशेबाने व्याज अडीच टक्क्यांनी उतरलं. गडी खुशीत बँकेत जाईल आणि तोंड पाडून परत येईल. सेन्सेक्सचे पॉइंट टक्केवारीत बसतच नाहीत, पण तुम्ही त्यांनाही बिंदूच म्हणा. समता पाळलीच पाहिजे.

सराफाची जाहिरात आली तर '२५ बिंदूंचा हिरा' लिहा आणि गप्प बसा. १०० पॉइंटचा एक कॅरेट, कॅरेट २०० मिलिग्रॅमचा, म्हणजे पॉइंट २ मिलिग्रॅमचा. गोल पैलूंचा २५ पॉइंटचा एक खडा जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असतो. पाच-पाच पॉइंटचे पाच खडे लावले तरी वजन तेवढंच भरतं, पण खडा मोठा तसा कॅरेटमागचा भाव चढतो, म्हणून ही अंगठी बरीच स्वस्तात बनते. एक की पाच, हे जाहिरातीत येता कामा नये.

रेल्वेचा पॉइंट म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा. त्याला 'सांधा' आणि पॉइंट्समनला 'सांधेवाला' असे चांगले मराठी शब्द कधीचे आहेत. तेवढ्यासाठीच ते टाळा. फलाटावर घोषणा होऊ द्या: 'बिंदूत बिघाड झाल्याने गाडी उशिराने धावत आहे.' खरं कारण एवढंच असतं की सरकणारा रूळ बाजूच्या रुळाला नीट चिकटलेला नाही, बहुधा मध्ये खडीचा तुकडा अडकलाय. टोकापाशी ५ मिलिमीटरचा अडथळा ठेवला तरी त्या रुळाला जागी धरणारं कुलूप लागता कामा नये, अशी तपासणीच असते. कुलूप नाही तर सिग्नल लाल. प्रवासी बिचारा रुळावर ठिपका शोधेल.

क्रिकेटचा सिली पॉइंट तुम्ही एव्हाना 'मूर्ख बिंदू' केलाच असेल. महाबळेश्वरला पहाटे विल्सन बिंदूवर सूर्योदय बघून या.

छापखान्यात फक्त सांभाळून. तिथला पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग. मजकूर १२ पॉइंटात घेऊन ओळींचं अंतरही १२ च ठेवा, इंग्रजीत भागतं तसं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत घुसतील. डीटीपीवाला अंतर १६ करू का विचारेल. त्याला सांगा, बिंदूला लांबी-रुंदी नसते.

आणि वायरिंग संपल्यावर वायरमनचं बिल येईल: एकूण साडेसतरा बिंदू. त्यातला अर्धा कुठे बसवलाय ते दाखवायला सांगा.