मॉडेल घसरते ती नेमकी कुठे?

पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत ‘फॅशन’ सिनेमाचा विषय निघाला की अजूनही दोन तट पडतात. मधुर भांडारकरांनी २००८ साली मॉडेलिंगच्या धंद्याचं खरं रूप दाखवलं, म्हणे एक पक्ष. उगाच बदनामी केली, म्हणे दुसरा. सिगारेट, कोकेन, विवाहित माणसाशी लफडं, गर्भपात, सगळ्याची उजळणी होते. एक प्रसंग मात्र कुणीच काढत नाही. नशेत रात्र घालवून सिनेमाची नायिका, मॉडेल मेघना, सकाळी उठते, शेजारी अनोळखी कृष्णवर्णीय पुरुष झोपलेला दिसतो आणि ती कोसळते. गर्भपात पचवून उभी राहिलेली ही बाई त्या माणसाच्या रंगानं संपते, आणि पुढे गाठते ती चंदिगडला आईवडिलांचं घर!

मी फिलाडेल्फियात राहते. इथे पाचातले साधारण दोघं कृष्णवर्णीय आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीला हा सिनेमा दाखवायची माझी छाती होत नाही.

याच शहरातल्या जिया कारांजी या मॉडेलवर एचबीओ वाहिनीनं १९९८ साली ‘जिया’ हा सिनेमा काढला. वडिलांच्या सँडविचच्या दुकानात काम करणारी ही पोरगी सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेली, ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झळकली, हेरॉइनच्या नादी लागली आणि १९८६मध्ये एड्सनं गेली, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी. अँजेलिना जोलीची जिया लिंडा नावाच्या मेकअप करणाऱ्या बाईवर जीव टाकते. आपल्याकडे हेच अधःपतन ठरलं असतं. इथे त्या प्रेमावर कुठेही ठपका नाही. उलट तिला धरून ठेवणारं तेवढंच काय ते होतं, आणि ते हेरॉइनपुढे टिकलं नाही. खऱ्या जियाच्या हातावरचे सुईचे व्रण झाकून फोटो काढले जात होते. मला घसरण दिसते ती त्या झाकाझाकीत.

अर्थात अमेरिकनांना डोक्यावर घ्यायचं कारण नाही. ‘जिया’ बऱ्याच जणांच्या लक्षात आहे तो जोलीच्या नग्न दृश्यांसाठी. आणि एजन्सीनं मॉडेलचं हित पाहावं, करारनाम्याची प्रत तिच्या हाती द्यावी, इतकं साधं कलम असलेल्या न्यूयॉर्कच्या कायद्यावर सही झाली ती डिसेंबर २०२४मध्ये.

पण निदान वाद तिथवर पोचला. आपल्याकडे मधू सप्रे आणि मिलिंद सोमण या मॉडेल्सची बुटांची जाहिरात, अंगावर अजगर आणि पायांत बूट एवढंच, १९९५ची. अश्लीलतेचा खटला २००९पर्यंत चालला. अंग किती दिसलं याचाच तेवढा कीस पाडला गेला.

‘फॅशन’मध्ये माझ्या लेखी खरी आहे ती कंगनाची शोनाली, त्यातली दुसरी मॉडेल. राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला तो रास्तच. पण शोनाली मरते ती मेघनाला अक्कल यावी म्हणून, आणि पॅरिसचा रॅम्प मिळतो मेघनाला. शोनालीनं जीव कुणावर लावला, ती ढासळत असताना तिच्यावर कमावणारे काय करत होते, हे विचारणारा हिंदी किंवा मराठी सिनेमा कुणी काढला, तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.