"तिशीत बाई संपते" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या बायकांच्या संघाच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. तिशीत बाईचं तारुण्य संपतं, पस्तिशीनंतर मूल होत नाही, बाप्या मात्र पन्नाशीतही तरुण असतो, म्हणून पोरींची लग्नं विशीत उरकून टाका, आणि चाळिशीत पाळी गेली की बाई संपली, पुढं नुसता देवधर्म. वर "शास्त्रात सिद्ध झालंय" असं लिहिलंय. आणि खाली हात जोडलेत ते आपल्याच बायकांनी, ते बघून मला राहवलं नाही.

पहिलं तिशीचं. हाडं साधारण तिशीपर्यंत भरत जातात, म्हणजे मेसेजवाला जिथं बाई संपली म्हणतोय तिथं तिची हाडं आयुष्यात सगळ्यात घट्ट असतात. त्यानंतर हाडं, स्नायू हळूहळू उतरतात, पण ते बाप्यांचंही उतरतातच की. पावसाळ्यात बेळगावजवळ येळ्ळूरकडं नाहीतर खानापूरकडं भाताची रोप लावणी चाललेली असताना बांधावर उभं राहून बघा, गुडघाभर चिखलात वाकून ओळ कोण पुढं नेतंय तर पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका, आणि विशीतल्या पोरी मधेमधे कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात.

आता कोण म्हणेल की मला तर तिशीतच म्हातारी झाल्यासारखं वाटतंय, जिना चढला की धाप लागतीय. ते खोटं नाहीच. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या जवळपास निम्म्या बायकांच्या अंगात रक्त कमी निघालंय, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीत भाकरी बुडवून खायची, पहाटे पाण्याला उठायचं, रात्री अकरापर्यंत भांडी, हे वर्षानुवर्षं चाललं तर कोणाला तरुण वाटेल? हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायचं सोडून आपण वयावर बोट ठेवतो.

पस्तिशीनंतर मूल होत नाही, ह्यात थोडं खरं आहे म्हणून तर ते पसरतंय. दिवस राहण्याची शक्यता बत्तिशीच्या आसपास कमी व्हायला लागते आणि सदतिशीनंतर जरा वेगानं. बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असणारा, बुद्धीची वाढ मंद करणारा दोष) असण्याचा धोकाही वाढतो, पंचविशीत हजारात एकापेक्षा कमी असतो तो पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक होतो. म्हणजे पस्तिशीतल्या साडेतीनशे बायकांतल्या जवळपास सगळ्यांच्या बाळांना हे नसतं, हे वाक्य मेसेजमधे नाही. कमी होणं वेगळं आणि बंद होणं वेगळं.

बाप्या पन्नाशीतही तरुण म्हणे. वय वाढलं की वीर्याचा दर्जाही घसरतो, आणि मूल होत नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं. तरी आमच्याकडं आधी सूनबाईची सोनोग्राफी, मग नवस, मग दुसरा डॉक्टर, आणि मुलाची साधी तपासणी, जी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, ती सगळ्यात शेवटी, कधीकधी होतच नाही.

आता विशीत उरकून टाका ह्याचं बघू, कारण मला वाटतं अख्खा मेसेज ह्याच एका वाक्यासाठी लिहिलाय. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या विशीच्या सुरवातीच्या बायकांपैकी दर पाचात एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे उरकायला आपण कमी पडत नाही. अठरा-एकोणीसला लग्न, लगेच दोन पोरं, पंचविशीला मुलं बंद व्हायचं ऑपरेशन, चाळिशीच्या आत सासू. ह्या हिशोबानं बाई तिशीत म्हातारी दिसणारच, कारण तिला ज्या कामासाठी तरुण धरलं होतं ते तिशीच्या आतच करून घेतलं. नवरा गेला तर तेवढंही नाही. बत्तीस वर्षांची बाई एका दुपारीत म्हातारी होते, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, हळदीकुंकवाला बोलवणं बंद, शरीर कालचंच आहे. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मधे ठराव करून ह्या प्रथा बंद केल्या. गावानं ठरवून लादलेलं म्हातारपण गावानंच ठरवून काढता येतं हे तिथं दिसलं, मग इकडं चिकोडी, निपाणीत का नको?

चाळिशीनंतर देवधर्म म्हणणाऱ्यांनी बेळगावात चन्नम्मा सर्कलवरून जाताना जरा वर बघावं. कित्तूरची राणी चन्नम्मा, काकतीची ही लेक, जन्म 1778, आणि कित्तूरच्या किल्ल्यापुढं इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला ती लढाई ऑक्टोबर 1824 ची, म्हणजे राणी सेहेचाळीस वर्षांची होती. नवरा गेलेला होता. पुतळ्याला हार घालायचा आणि घरातल्या सेहेचाळीसच्या बाईला "आता तुला काय करायचंय" म्हणायचं हे मला तरी पटत नाही.

राहिली पाळी. बहुतेक बायकांची पाळी 45 ते 55 च्या दरम्यान जाते, भारतात सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस धरतात. सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायचं. चाळिशीच्या आत गेली तर ते नेहमीचं नाही, डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे, आणि मेसेज मात्र चाळिशीलाच सगळ्यांची जाते असं सांगतोय. अंगातून गरम वाफा येणं, झोप मोडणं, नवरा जवळ येताना दुखणं, ह्या सगळ्यावर औषधं आहेत.

आमच्याकडं चाळिशीच्या आत पाळी जाण्याचं मोठं कारण वेगळंच आहे, पिशवी म्हणजे गर्भाशय काढणं. वडगावात आमच्या शेजारी एक काकी आहेत, घरात माग, दिवसभर कांड्या भरतात, कांडी भरता भरताच बोलतात, बोट दोऱ्यावरून सरकत नाही. त्यांची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जास्त जात होतं. "दोन पोरं झालीत न्हवं, मग ठेवून काय करायचं, असं म्हणाले डॉक्टर. आमचे हे पण हो म्हणाले. मी काय म्हणणार बाई?" आधी गोळ्या देऊन बघितल्या का, हार्मोनची तांबी बसवून बघूया म्हणाले का, तर काहीच नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती, हे त्यांना नंतर कागदावरून दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं. अंडाशयं गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी ती थोडी आधी थांबू शकतात. काकी आता पन्नाशीच्या आत आहेत आणि मनगट एकदा मोडून झालंय. ह्यांना वयानं म्हातारं केलं म्हणायचं?

कॅन्सर असेल, औषधांनी रक्त थांबतच नसेल, तर पिशवी काढावीच लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गरज नसताना काढतात हे इतकं वाढलं की 2022 मधे केंद्र सरकारनं ते रोखायला सूचना काढल्या आणि 2023 मधे सुप्रीम कोर्टानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करा म्हणून सांगितलं. तेव्हा कोणी पिशवी काढूया म्हटलं तर विचारा, नक्की आजार काय, औषधानं होईल का, अंडाशयं ठेवणार का, आणि दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका. कर्नाटकात बायकांना साधी सरकारी बस आता फुकट आहे, बेळगावला जाऊन या.

आणि हे वाचणाऱ्या ज्या आक्का-काकींची पाळी जाऊन वर्ष झालंय त्यांना परत रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. सुगी होऊ दे, पाहुणे जाऊ देत, असं करत थांबू नका, आणि ह्या वयात काय सांगायचं म्हणून लाजू नका.