फ्लॅश मारा, काच उजळा

रविवारी संग्रहालयात जाताय? मग घरून निघताना फ्लॅश बंद करायच्या फंदात पडू नका. दारावरची पाटी ठळक अक्षरांत आहे खरी, पण ती इतरांसाठी. आपला फोन 'ऑटो'वर आहे, काय करायचं ते तो बघून घेईल.

आत शिरलात की थेट लघुचित्रं गाठा. उघड्या मूर्तीवर फ्लॅश मारला तर निदान मूर्ती तरी दिसते. काचेमागच्या चित्रावर मारण्यात खरी मजा. अगदी समोर, ९० अंशांत उभे राहा. गेलेला उजेड तसाच लेन्समध्ये परत येतो आणि राधेच्या चेहऱ्याच्या जागी पांढराशुभ्र गोळा उगवतो. फोटो बघा, कपाळाला आठ्या घाला, पुन्हा तिथूनच मारा. पाचव्या खेपेला काच शरमेल.

भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर उंच छताच्या नक्षीवरही फ्लॅश वाया घालवा. फोनचा दिवा दोन-तीन मीटरपुढे फारसा पोचत नाही, म्हणून काय झालं?

ट्रायपॉड आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सेल्फी स्टिक न्या.

शटरचा आवाज मोठा ठेवा.

कोणी हटकलंच तर ठासून सांगा, "फ्लॅशशिवाय फोटो येतच नाही हो, अंधार किती आहे!" अंधार मुद्दाम ठेवलाय, हे ऐकूनच घेऊ नका. कागदावरचे रंग उजेडाने फिके पडतात, परत येत नाहीत आणि रोजच्या उजेडाचा परिणाम साचत जातो. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड ठेवायची पद्धत आहे. आणि ५० लक्स म्हणजे काही अमावस्या नव्हे! आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ २, शटर १/८० सेकंद, झाला फोटो. एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे दिसले तर १/५० वर या. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्याला १/५० बरोबर जुळतं. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स एफ ५.६ वर अडलीय? आयएसओ ३२०० ला १/२० मिळतं. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू करा, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबून सलग पाच फ्रेम घ्या. पहिली बोटाच्या धक्क्याने हलते, मधली एखादी स्थिर निघते. जास्त आयएसओमुळे फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत. हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. काचेत स्वतःचाच पांढरा शर्ट दिसतो, म्हणून गडद कपडे घाला आणि जरा तिरके उभे राहा. पोलरायझर (काचेवरची चमक कापणारा फिल्टर) लावाल तर दीड स्टॉप उजेड गिळून बसेल; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. काळ्या पडद्यापुढच्या कांस्यमूर्तीला एक्स्पोजर उणे १ करा, म्हणजे फोटो एक स्टॉप गडद घ्या, नाहीतर मूर्तीचा खांदा जळून पांढरा पडतो. आणि फ्लॅश बंद केला तरी कॅमेऱ्याचा नारिंगी फोकस-दिवा चालूच राहतो, तो मेनूत जाऊन वेगळा बंद करावा लागतो. कॅमेऱ्यावर लाखभर रुपये घालवलेल्यांनाही हे माहीत नसतं!

पण एवढं कोण करणार? तुम्ही फ्लॅश मारणार, सिक्युरिटीवाला ओरडणार, तुम्ही "चुकून झालं" म्हणणार आणि त्याची पाठ वळताच पुन्हा मारणार. मग तो वैतागतो आणि दालनातल्या सगळ्यांचेच कॅमेरे बंद करायला लावतो. गेल्या रविवारी नेमकं हेच झालं. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट काढून, फ्लॅशला हातही न लावता तासभर उभे असलेलेही त्यात भरडले गेले. त्या माणसाची चूक नाही. दिवसभरात किती जणांना तेच ते सांगायचं त्याने? चूक तुमची आहे. उद्या सरसकट बंदीची पाटी लागली तर "बघा, काही काढूच देत नाहीत" म्हणून बोंब मारायलाही तुम्हीच पुढे असाल.

स्क्रीनवर विजेचं चिन्ह असतं. ते दाबा, त्यावर आडवी रेघ आली का बघा. दोन सेकंदांचं काम आहे. तिकिटाच्या रांगेत उभे असतानाच उरकून घ्या, आत चित्रासमोर येऊन नको.