धुरा नसलेलं वावर

भाऊ, यंदा कपाशी लावू नका. बियाणं घ्या, डवरे मारा, फवारणी करा, तरी बोंडअळी येतेच. शेवटी व्यापारी कापसात हात घालून म्हणतो, "ओलावा हाय." त्यापेक्षा वेबसाइट लावा. नावात 'बळीराजा' नाहीतर 'कृषी' तेवढं टाका. निंदण नाही, वेचणी नाही. वेचणी दुसऱ्यानं केलेलीच आहे, आपण फक्त गाठोडं उचलायचं.

तालुक्याचा वार्ताहर फटफटीवर चाळीस किलोमीटर धूळ खात जातो, बुडालेलं सोयाबीन पाहतो, चार माणसांशी बोलतो, रात्री बातमी लिहितो. अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 पासून वाणावर वाण तपासत बसलंय. बसू द्या. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या फोनवर त्यांचा मजकूर दाबून धरा, 'कॉपी' म्हणा. लेखकाचं नाव छाटायला विसरू नका. मनाला फारच लागलं तर खाली 'साभार' लिहा. 'साभार' म्हणजे विचारलं नाही, पण आभार मानले. हा शब्द ज्यानं काढला, त्याच्या पाया पडावं.

गावात कुणी वीतभर धुरा, म्हणजे वावराचा बांध, कोरला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मोजणी, तहसील, डोकी फुटणं, आणि भांडण नातवापर्यंत. पण लेखाला धुराच नसतो बाप्पा! अख्खं वावर उचलून नेलं तरी मालकाला पत्ता नाही. कायदा आहे म्हणा. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 63 : जाणूनबुजून उचलाल तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. पण मानधनाच्या चार पैशांसाठी वार्ताहर कोर्टाची पायरी चढेल? चढला तर सांगा, माहिती कुणाच्या बापाची नसते. हे अर्धं खरं आहे. तुरीचा आजचा भाव कुणाच्या मालकीचा नसतो, पण त्या भावावर कुणीतरी घाम गाळून लिहिलेला लेख त्याच्या मालकीचा असतो. अर्धं खरं आपल्या धंद्याला पुरतं.

2011 मध्ये गूगलनं 'पांडा' नावाचा बदल आणला. दुसऱ्यांचा माल मांडणाऱ्या साइट शोधाच्या यादीत खाली ढकलायच्या, हे त्याचं एक काम. म्हणून मजकूर जसाच्या तसा टाकू नका. मराठीतून इंग्रजीत न्या, परत मराठीत आणा. जाता-येता लेख ओळखू येईनासा होतो. अशाच एका लेखात मला सल्ला मिळाला : "कपाशीवर खवा आढळल्यास त्वरित फवारणी करा." मुळात होता मावा, रस शोषणारी कीड! आमच्याकडे कपाशीवर खवा आला असता तर कर्ज कशाला झालं असतं, पेढ्यांचं दुकान टाकलं असतं.

आता पैसे. मजकुराच्या दर दोन ओळींमागे एक जाहिरात ठेवा. गूगलच्या जाहिरातींच्या खात्यात 10 डॉलर जमले की गूगल पत्ता तपासायला टपालानं पिन क्रमांकाचं पत्र पाठवतं, आणि 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे सोडत नाही. त्या पत्रासाठी पोस्टमनला चहा पाजत राहा. ज्याचा लेख आहे त्याला नको.

माझाही लेख असाच गेला, संत्र्याच्या मृग बहारासाठी झाडाचं पाणी तोडून ताण किती दिवस द्यायचा त्यावरचा. राग आला नाही असं नाही, पण गंमत पुढेच आहे. त्यात दिवसांचा एक आकडा मी चुकवला होता. वरुडच्या एका बागाईतदारानं फोनवर झापलं, मी त्याच रात्री दुरुस्त केला. तीन साइटवर तो चुकीचाच आकडा अजून आहे, वर 'तज्ज्ञांचा सल्ला' असा शिक्का. चुकीला माझं नाव नाही, दुरुस्तीला वाट नाही. तुमच्यासाठी हे सोयीचंच : कुणी विचारायला आलं तर तुम्ही थोडंच लिहिलंय?

फक्त एवढी काळजी घ्या की तुमची साइट घरच्यांच्या मोबाइलवर जाऊ नये. जातेच पण. गावच्या ग्रुपवर फिरत फिरत एखाद्या सकाळी ती तुमच्या वडिलांपर्यंत येईल. पंप पाठीला लावून ते दारात उभे राहतील, चष्मा कपाळावर सारून फोन तुमच्यापुढं धरतील.

"बाबू, हे औषध धा लिटर पाण्याले सांगतलं का पंधराच्या पंपाले? खालची ओळ दिसून नाही राह्यली."

ती ओळ जाहिरातीला जागा करताना तुम्हीच काढली होती.